रॉचडेलचें सहकारी दुकान : बखर आणि कागद

इंग्लंडांत, त्या वेळच्या लँकेशर परगण्यांत, रॉचडेल म्हणून लोकरी व सुती कापडाच्या धंद्याचें एक गांव होतें. तेथील टोड लेन नांवाच्या गल्लींत, ३१ क्रमांकाच्या इमारतीच्या तळमजल्यावर, ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं एका मंडळीनें वाणसामानाचें लहानसें दुकान उघडलें. ‘रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स’ हें त्या मंडळीचें नांव. सभासद २८ आणि भांडवल २८ पौंड. सहकारी चळवळ या दिवसास आपला शकारंभ मानते व सहकारावरील बहुतेक पुस्तकें याच दुकानापासून आरंभ करितात.

या दुकानाविषयीं तीन विधानें सर्वत्र आढळतात. पहिलें असें कीं, हें जगांतील पहिलें सहकारी दुकान होय. दुसरें असें कीं, तें उपासमारीनें गांजलेल्या विणकरांनीं काढलें. तिसरें असें कीं, तेथें सभासदांस बाजारभावापेक्षां स्वस्त माल मिळे. अस्सल कागदांच्या कसोटीस हीं तिन्ही विधानें लावून पाहतां पहिलें टिकत नाहीं, दुसरें अर्धेंच टिकतें व तिसरें ज्या अर्थानें सांगितलें जातें त्या अर्थानें खरें नाहीं. तथापि यामुळें रॉचडेलचें महत्त्व कमी होत नाहीं. तें महत्त्व कशांत आहे हें दाखविणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं. रॉचडेलची जी कथा जगभर गेली, तिचा मूळ स्रोत जॉर्ज जेकब होलिओक (१८१७-१९०६) याचें पुस्तक होय. तें १८५७-५८ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. होलिओक हा स्वतः रॉबर्ट ओवेनच्या संप्रदायांतला. पायोनियरांपैकीं कित्येकांशीं त्याचा परिचय होता आणि घटनेस तेरा-चौदा वर्षेंच लोटलीं होतीं. म्हणून त्याचा ग्रंथ टाकाऊ नाहीं. पण त्याचें स्वरूप बखरीचें आहे. काळोखी, ओलसर ऋतु, दरिद्री विणकरांची बैठक, दुकान उघडतांना गल्लींत जमून टवाळी करणारीं पोरें, हें सर्व त्यानें रंगवून सांगितलें आहे. दुसऱ्या बाजूस १८४४ चें छापील नियमपत्रक आहे, सभावृत्ताच्या वह्या आहेत व वर्षावर्षाचे हिशेब आहेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून बखर आणि कागद यांतील तारतम्य आपल्याकडील अभ्यासकांस परिचित आहे. तोच विवेक येथेंही चालविला पाहिजे. वातावरण बखरीकडून घ्यावें; कलम, आंकडा आणि तारीख कागदाकडून घ्यावी.

आतां पहिलेपणाचा प्रश्न. स्कॉटलंडमध्यें एअरशर परगण्यांत फेनिक नांवाचें खेडें आहे. तेथील विणकरांनीं १७६१ च्या मार्च महिन्यांत आपल्या धंद्याचा संघ स्थापिला. त्यांच्या वहींत १७६९ च्या नोव्हेंबरांतील एक ठराव आहे, त्याचा आशय असा कीं, सामायिक निधींतून धान्यसामुग्री घाऊक घेऊन ती संघाच्या हिताकरितां विकावी. हे कागद एडिंबरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. म्हणजे रॉचडेलच्या पूर्वीं पाऊणशें वर्षें सामायिक खरेदीची लेखी नोंद मिळते. याहूनही किंचित् अगोदर वुलिच व चॅटॅम येथील गोदी-कामगार स्वतःच्या पिठाच्या गिरण्या चालवीत होते. वुलिचची गिरणी १७६० त जळाली तेव्हां लोकांचा संशय तेथील पाववाल्यांवर गेला. हल शहरांत १७९५ त महाग पिठास कंटाळलेल्या लोकांनीं अशीच गिरणी काढली. १८२७ नंतर ब्रायटनच्या डॉ. विल्यम किंग याच्या प्रेरणेनें तर इंग्लंडांत अशा दुकानांचें पेवच फुटलें. खुद्द रॉचडेलमध्यें, त्याच टोड लेनमध्यें, १८३३ सालीं एक सहकारी दुकान निघालें होतें. तें दोन वर्षांत उधारीनें बुडालें.

तेव्हां रॉचडेल पहिलें नव्हे. मग पूर्वींचे प्रयत्न मावळले व हाच कां टिकला, असा खरा प्रश्न उरतो.

दुसरें विधान उपाशी विणकरांचें. १८४३-४४ च्या सुमारास रॉचडेलच्या फ्लॅनेल-विणकरांनीं मजुरी वाढवून मागितली व ती मागणी फसली, हें खरें. दर आठवड्यास दोन-दोन पेन्स वर्गणी जमवून भांडवल उभें केलें, हेंही खरें. पण सगळेच संस्थापक विणकर नव्हते. नियम रचणारा चार्ल्स हॉवर्थ हा गिरणींत ताणा करणारा. जेम्स स्मिदीज हा लोकर निवडणारा. पहिला चिटणीस जेम्स डेली हा सुतार. जेम्स ट्वीडेल हा लांकडी तळव्यांचे जोडे करणारा. कोणी ओवेनपंथी, कोणी चार्टिस्ट, कोणी मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते. त्या २८ नांवांच्या यादीविषयींही पुढें मतभेद झाले. मंडळीचे हेतु नियमपत्रकांत सांगितले आहेत ते पाहावे. दुकान हा केवळ पहिला हेतु. त्यापुढें सभासदांकरितां घरें बांधणें, बेकार सभासदांस काम देण्यासाठीं कारखाना काढणें, जमीन घेणें, स्वावलंबी वसाहत वसविणें आणि मद्यरहित उपाहारगृह उघडणें, असे हेतु क्रमानें येतात. आजच्या भाकरीपलीकडे ज्याची दृष्टि जात नाहीं असा माणूस हीं कलमें लिहीत नाहीं. दारिद्र्य पाठीशीं होतें. पण हातीं योजना होती व मागील अपयशाचा अनुभवही होता. हॉवर्थ हा १८३३ च्या बुडालेल्या दुकानांतही होता.

दुकानांतील पहिला माल येणेंप्रमाणें सांगितला जातो : लोणी २८ रत्तल, साखर ५६ रत्तल, गव्हाचें पीठ ६ हंड्रेडवेट म्हणजे ६७२ रत्तल, ओटच्या पिठाची एक गोणी व कांहीं चरबीच्या मेणबत्त्या. एकूण किंमत १६ पौंड ११ शिलिंग ११ पेन्स. जागेचें भाडें सालीना १० पौंड. ही यादी लहान आहे. पण ती शुद्ध शिध्याची यादी आहे, आणि त्या काळीं शुद्ध शिधा मिळणें ही किती दुर्घट गोष्ट होती हें ध्यानांत घेतल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाहीं.

फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञानें खाद्यपेयांतील भेसळीवर १८२० सालीं ग्रंथ लिहून लंडनमध्यें खळबळ उडविली होती. १८५१ पासून डॉ. आर्थर हिल हॅसल यानें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत दुकानोदुकानच्या मालाची सूक्ष्मदर्शकाखालीं केलेली परीक्षा प्रसिद्ध केली. पावांत तुरटी, चहांत वापरलेलीं व परकी पानें, मिरपुडींत शेंदूर, कोकोंत विटकर माती, असे प्रकार उघडकीस आले. १८५८ सालीं ब्रॅडफर्ड येथें मिठाईंत चुकून सोमल पडून सुमारें २० माणसें दगावलीं. भेसळीविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा १८६० सालीं झाला व परिणामकारक कायदा होण्यास १८७५ साल उजाडलें. म्हणजे रॉचडेलचें दुकान उघडल्यावर तब्बल ३१ वर्षेंपर्यंत गरीब गिऱ्हाइकास सरकारचा खरा आधार नव्हता. त्यांतून उधारीनें घेणाऱ्यास तक्रार करण्याचीही सोय नसे. कारण ज्याचें देणें आहे त्याच्या मापाविषयीं व मालाविषयीं बोलायचें कसें?

येथें रॉचडेलच्या नियमांची खुबी दिसूं लागते. १८४४ च्या नियमांत दोन कलमें निर्णायक आहेत. एक असें कीं, मंडळीच्या अधिकाऱ्यांनीं माल रोखीनेंच घ्यावा व रोखीनेंच विकावा. दुसरें असें कीं, नफ्यांतून भांडवलावर ठराविक व्याज द्यावें (तें आरंभीं शेंकडा ३॥ होतें) आणि उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणांत सभासदांस वांटावा. भाग कितीही असोत, मत एकच, हा पुढें दंडकच झाला. १८६० सालच्या मंडळीच्या वार्षिक पंचांगांत हीं तत्त्वें जाहीर रीतीनें मांडलेलीं आढळतात : मिळेल तितका शुद्ध माल द्यावा, वजन व माप पुरें द्यावें, भाव बाजाराचाच लावावा, उधारी देऊं नये व मागूं नये.

यावरून तिसऱ्या विधानाचा निकाल लागतो. भाव बाजाराचाच होता. दुकानावर माल स्वस्त नव्हता. स्वस्ताई येई ती तिमाहीच्या अखेरीस, नफावांटणीच्या रूपानें. या योजनेचे तीन परिणाम झाले. बाजारभावानें विकल्यामुळें आसपासच्या दुकानदारांशीं भाव पाडण्याची लढाई ओढवली नाहीं. वांटणी खरेदीवर असल्यामुळें भांडवलदार-सभासदापेक्षां कुटुंबवत्सल सभासदाचा लाभ अधिक झाला. आणि माप मारण्यांत किंवा भेसळ करण्यांत कोणाचेंच हित उरलें नाहीं, कारण लुबाडून मिळालेला पैसा लुबाडल्या गेलेल्यांसच परत जावयाचा. शुद्धतेचा उपदेश पूर्वींही पुष्कळांनीं केला होता. येथें ती हिशेबाच्या रचनेंतच गुंफली गेली. तुरटीनें पांढरा केलेला पाव खाण्याची संवय लागलेल्या लोकांस शुद्ध पीठ मळकट वाटे. तरीही रॉचडेलकरांनीं १८५० सालीं स्वतःची सहकारी पीठगिरणी काढली.

होलिओकनें दिलेले आंकडे वाढीचा क्रम दाखवितात. १८४५ त सभासद ७४, विक्री ७१० पौंड, नफा २२ पौंड. म्हणजे विक्रीच्या दर पौंडास सुमारें साडेसात पेन्स. १८५० त सभासद ६००, विक्री १३,१७९ पौंड. १८६० त सभासद ३,४५०, विक्री १,५२,०६३ पौंड व व्याजासह नफा १५,९०६ पौंड. म्हणजे दर पौंडास दोन शिलिंगांहून थोडा अधिक. मध्यंतरीं १८४९ त एकाच वर्षीं सभासद १४० चे ३९० झाले. त्याच वर्षीं रॉचडेलची बचत-बँक अफरातफरीमुळें बुडाली व घाबरलेल्या लोकांनीं आपली शिल्लक या दुकानाकडे आणली. त्या गांवांत ज्याचे हिशेब सर्वांस पाहावयास मिळत असें तें ठिकाण होतें. स्त्रियांसही सभासदत्व खुलें होतें. एलिझा ब्रायर्ली ही १८४६ सालीं सभासद झाली. विवाहितेची मालमत्ता कायद्यानें नवऱ्याची मानली जाण्याच्या त्या काळांत ही गोष्ट लहान नव्हे. १८५० नंतरच्या दशकांत नफ्यांतील शेंकडा २॥ भाग शिक्षणाकडे लावण्यांत येऊं लागला व त्यांतून ग्रंथालय व वाचनगृह चाललें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोखीचा जो नियम दुकानास तारक ठरला, तोच अगदीं निष्कांचनास बाहेर ठेवणारा होता. ज्याची मजुरी हातीं येण्यापूर्वींच खर्ची पडलेली, त्यास टोड लेनचा उंबरठा चढतां येत नसे. रॉचडेलचा लाभ कामगारांतल्या त्यांतल्या त्यांत स्थिर वर्गास झाला. १८३३ चें दुकान दयाळू होतें व बुडालें. १८४४ चें कठोर होतें व टिकलें. या दोहोंतला पेंच ग्राहक-सहकारास पुढेंही सुटला नाहीं.

आपल्याकडील संबंध थोडक्यांत सांगतों. हिंदुस्थानांतील १९०४ चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरता होता. ग्राहकांच्या दुकानांस कायद्यांत नीट जागा १९१२ सालीं मिळाली. मद्रासेंतील ट्रिप्लिकेनचें प्रसिद्ध भांडार मात्र १९०४ सालींच निघालें. मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १९२५ चा. मुंबईंत नायगांवच्या कामगारांनीं १९४८ सालीं स्थापिलेल्या मंडळीचें ‘अपना बाजार’ हें नांव पुढें घरोघर झालें. १९७५ सालीं निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर दुकानच वगळलें : शेजारच्या कुटुंबांचे गट करावे, महिन्याच्या जिनसांची मागणी एकत्र नोंदवावी, घाऊक खरेदी करून माल गटागटांत वांटावा. फेनिकच्या विणकरांनीं वहींत लिहिलेला ठराव आणि ही पद्धति यांतील साम्य वाचकांच्या लक्षांत येईलच.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. टोड लेनची ती इमारत १९३१ पासून संग्रहालय म्हणून जपलेली आहे, आणि इंग्लंडांतील सहकारी चळवळीचे जुने कागद मँचेस्टरच्या सहकारी दप्तरखान्यांत नीट लावून ठेविलेले आहेत. फेनिकची वही राहिली म्हणूनच पहिलेपणाचा वाद निकालांत निघाला. आमच्याकडे सनदा, महजर व कैफियती यांस संग्रहांत मानाची जागा मिळते. वाण्याचा रोजमेळ व खतावणी मात्र रद्दींत जाते. पेशवाईंत पुण्याच्या बाजाराच्या निरखावर कोतवालाची देखरेख असे. तो निरख घरोघर कितपत उतरला, हें सनदांवरून कळणार नाहीं, वाण्याच्या वहीवरूनच कळेल. त्याचप्रमाणें गेल्या शतकांतील कामगारवस्त्यांतून निघालेल्या व मिटलेल्या लहान लहान ग्राहक मंडळ्यांचीं नियमपत्रकें, उधारीच्या वह्या व सभावृत्तें अद्याप कोणाच्या माळ्यावर किंवा देव्हाऱ्याखालच्या पेटींत सांपडण्याजोगीं आहेत. अशीं दप्तरें जुन्या मोडी वह्यांइतक्याच आदरानें उतरून घ्यावीं, त्यांवर गांव, साल व मालकाचें नांव टिपून ठेवावें, आणि तीं मंडळाच्या संग्रहांत पोंचतीं करावीं.