आरएक्स हंड्रेड आणि 'रेसिंग' पिस्टन

९८ सीसीची, ११ हॉर्सपॉवरची आरएक्स हंड्रेड १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. पोरांची हौस थोडीच बंद होणार! माझ्या मामानं नंतर तिला 'रेसिंग' पिस्टन अन् मोकळा सायलेन्सर बसवला. आता टू-स्ट्रोकचा सायलेन्सर बदलला की कार्ब्युरेटरचा जेटही बदलावा लागतो, नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. हे सांगतंय कोण? त्यात पिस्टन डुप्लिकेट. आठवड्यात सीझ, मागचं चाक जाम! मग सिलिंडर बोअर करा, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घ्या, नव्या रिंगा, मजुरी... वाचवलेले पैसे कितीतरी पटीनं गेले. दुकानदार म्हणाला, "रेसिंग पार्टला गॅरंटी नसते, भाऊ." ग्राहक संरक्षण कायदा तेव्हा १९८६ चा होता, पण मामाकडे बिलच नव्हतं. तो पिस्टन अजून आहे घरी. ॲशट्रे म्हणून.