तैवान १९९८ : एका तापाचे शेवटचे तास

१९९८ साली तैवानमध्ये हात-पाय-तोंडाच्या आजाराचे आणि त्याच विषाणूंमुळे घशात फोड येणाऱ्या दुखण्याचे मिळून १,२९,१०६ रुग्ण नोंदले गेले. बहुतेक मुलं आठवड्याभरात खेळायला लागली. ४०५ जण गंभीर झाले आणि ७८ दगावले. त्यांतली ७१ मुलं पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती. पुढचं घड्याळ कुठल्या एका मुलाचं नाही, तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आजारक्रमावरून ते जुळवलं आहे. तास मुलागणिक पुढेमागे होतात, पण क्रम सहसा असाच असतो.

उरले १६८ तास
पाळणाघर. एका मुलाच्या तोंडातलं खेळणं दुसऱ्याच्या तोंडात जातं. बहुतेक गंभीर रुग्णांमागे असलेल्या एंटेरोव्हायरस ७१ या विषाणूला एवढं पुरतं. तो लाळेत, शेंबडात आणि फोडांतल्या पाण्यात असतो. शीमध्ये तर मूल बरं झाल्यावरही कित्येक आठवडे सापडतो. त्याच्याभोवती स्निग्ध आवरण नसल्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवता येत नाही. साबण लावून हात चोळून धुवावे लागतात, खेळणी आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसावी लागतात. तैवानमधल्या कुटुंबांच्या पुढच्या एका अभ्यासात बाधित मुलाच्या भावंडांपैकी ८४ टक्क्यांना आणि आईवडिलांपैकी ४१ टक्क्यांना लागण झालेली आढळली. लागण झालेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांना काहीच त्रास झाला नव्हता. म्हणजे धडधाकट बापही विषाणू घरी आणू शकतो, आणि यात दोष कुणाचाच नसतो.

उरले ७२ तास
ताप. मूल किरकिरं होतं, दूधभात नको म्हणतं.

उरले ६० तास
तोंडात फोड, तळहात-तळपायांवर लालसर पुरळ, कधी ढुंगणावरही. निदान सोपं असतं. डॉक्टर तापाचं औषध देतात, थंड आणि मऊ खायला द्या म्हणतात. हा सल्ला बरोबरच आहे, कारण बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. अडचण एवढीच, की घरच्यांची नजर पुरळावर खिळते. पुढे काय होणार हे पुरळ सांगत नाही. जी मुलं अत्यवस्थ झाली त्यांतल्या काहींच्या अंगावर फोड जेमतेम होते.

उरले ३० तास
मूल झोपी जाताना दचकतं. हातपाय झटकन उडतात, ते रडत उठतं, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा दचकतं. स्वप्न पडलं असेल, दृष्ट लागली असेल असं कुणालाही वाटेल. पण विषाणू आता मेंदूच्या खोडापर्यंत पोचला आहे. श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणारी केंद्रं तिथेच असतात. या सगळ्या क्रमात आईवडिलांना उघड्या डोळ्यांनी दिसणारी आणि अजून वेळ हाताशी ठेवणारी खूण हीच. मला या घड्याळातला सर्वांत मोलाचा तास हा वाटतो.

उरले १२ तास
उलट्या थांबत नाहीत. चालताना तोल जातो, हात थरथरतात, एखादा पाय लुळा पडतो. मूल सुस्त होतं.

उरले ६ तास
नाडी बेफाम धावते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. अंगाला घाम आणि हातपाय गार. मेंदूच्या खोडाचा लगाम सुटल्यामुळे शरीरात संकटकाळची संप्रेरकं उसळली आहेत आणि हृदय त्या माऱ्याखाली थकत चाललं आहे. गारठलेलं मूल पाहून भरभर सलाइन चढवावंसं वाटतं. इथे तेच घातक ठरू शकतं.

उरले २ तास
श्वास जलद, ओठ निळसर.

शून्य
फुप्फुसांत पाणी भरतं, तोंडातून गुलाबी फेस येतो. तैवानच्या ७८ मृतांपैकी ६५ जणांच्या बाबतीत फुप्फुसांत पाणी भरलं होतं किंवा रक्तस्राव झाला होता.

शून्यानंतर
तैवानच्या बालरोगतज्ज्ञांनी हा क्रम टप्प्यांत मांडला आणि प्रत्येक टप्प्याचे उपचार ठरवले. मेंदूची लक्षणं दिसताच दाखल करायचं, पाणी मोजून द्यायचं, प्रतिपिंडांचं इंजेक्शन आणि हृदयाला आधार देणारी औषधं वापरायची, श्वासनलिकेत नळी वेळेवर घालायची. त्यानंतर गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण खाली आलं.

२०१२ साली कंबोडियात हाच विषाणू पुन्हा उफाळला. तपासलेल्या ६१ मुलांपैकी ५४ गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना आजारपणात स्टेरॉइड दिलं गेलं होतं आणि त्याने प्रकृती आणखी बिघडते, हे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा स्पष्ट केलं. चीनने २०१५च्या डिसेंबरात या विषाणूवरची लस मंजूर केली. हात-पाय-तोंडाचा हाच आजार कॉक्सॅकी नावाच्या, सहसा सौम्य विषाणूंमुळेही होतो; तो मात्र ती रोखत नाही.

२०२२ मध्ये केरळच्या कोल्लममधून ‘टोमॅटो फ्लू’च्या बातम्या आपल्याकडे आल्या, त्या मुख्यतः या सौम्य कॉक्सॅकी जातीच्याच होत्या. पावसाळ्यात बालवाडीतून घरी येणारा आजारही बहुधा तसाच असतो. त्याला घाबरायचं कारण नाही. पण कुठला विषाणू घरात शिरला आहे, ते पुरळाकडे पाहून कळत नाही. म्हणून तैवानचा आरोग्य विभाग पालकांना आजाराच्या पहिल्या सात दिवसांत चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतो : सुस्ती किंवा हातापायांतला अशक्तपणा, झोपेतलं दचकणं, सततच्या उलट्या, आणि धापा किंवा छातीची धडधड. यांतलं एकही दिसलं तर मोठं रुग्णालय गाठायचं, त्याच रात्री.