यंगर कुटुंबाचं स्वप्न कोणी मोडलं?

गरिबाचं स्वप्न मोडलं की समाज आधी त्याचेच दोष शोधतो. कथा-नाटकांतल्या पात्रांनाही तोच न्याय लावला जातो. परिस्थिती वेगळी आणि पूर्वग्रह वेगळा, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. इतिहास मात्र ही वाटणी मान्य करत नाही.

लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय लेखिकेचं 'अ रेझिन इन द सन' हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आलं. शिकागोतल्या कोंदट घरात यंगर कुटुंबाच्या तीन पिढ्या राहतात. राबून मेलेल्या बापाच्या विम्याचे १०,००० डॉलर येतात. आईला घर हवंय, ड्रायव्हर असलेल्या वॉल्टरला दारूचं दुकान, तर बेनीथाला डॉक्टर व्हायचंय. आई ३,५०० डॉलर आगाऊ भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले पैसे वॉल्टर बहिणीच्या शिक्षणाच्या वाट्यासकट धंद्यात घालतो आणि भागीदार ते घेऊन पळतो.

चूक वॉल्टरचीच, असं म्हणणं सोपं आहे. पण सावकाराच्या मुलाचा पहिला धंदा बुडाला तर त्याला अनुभव म्हणतात. वॉल्टरला दुसरी संधीच नाही. का नाही?

उत्तर शिकागोच्या इतिहासात आहे. काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, असे लेखी करार गोरे घरमालक आपसात करत. त्यामुळे काळी माणसं ठरावीक पट्ट्यात कोंबली गेली. माणसं जास्त, घरं कमी, म्हणून भाडी चढी. नाटकातली आईही सांगते की काळ्यांसाठीची घरं दुप्पट महाग आहेत. म्हणजे यंगरांची गरिबी हीसुद्धा पूर्वग्रहाचीच वसुली होती.

हे हॅन्सबेरीच्या घराने भोगलं होतं. वडील कार्ल यांनी १९३७ साली गोऱ्या वस्तीत घर घेतलं तेव्हा जमाव चालून आला. लहानगी लॉरेन भिरकावलेल्या दगडापासून थोडक्यात वाचली. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयं राबवू शकत नाहीत, हा निकाल १९४८ साली आला. त्याआधीच, १९४६ साली, कार्ल वारले होते.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. तिथे ना गरिबी आड आली, ना शिक्षण कमी पडलं. १९६३ सालच्या बाबुराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला रेल्वे कामगारही जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो.

नाटकात गोऱ्यांच्या संघटनेचा माणूस गोड बोलून, जास्त पैसे देऊन घर परत मागतो. खचलेला वॉल्टर आधी तयार होतो, मग स्वाभिमानाने नकार देतो. तो नकार मोलाचा आहे. पण नुसत्या स्वाभिमानावर घर टिकत नाही, त्याला कायद्याचं आणि संघटनेचं बळ लागतं. आजही घर दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं. अशा वेळी पोराला 'जिद्द ठेव' एवढंच सांगणं ही फसवणूक आहे. जिद्द त्याच्याकडे आहेच. दार कोणी लावलं, हे विचारायला त्याच्यासोबत उभं राहायला हवं.

जय भीम!