आल्बायचा डोंगर आणि दोर

लुझॉन बेटाचे आग्नेय टोक निमुळते होत समुद्रात शिरते, त्या भागात फिलिपीन्सचा आल्बाय हा प्रांत वसला आहे. पूर्वेस आल्बायचे आखात, आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मायोन हा ज्वालामुखी सुमारे ८,००० फूट उंच उभा. त्याचा रेखीव शंकू पाहून परदेशी प्रवाशांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तेथील बिकोल भाषेत 'मागायोन' म्हणजे सुंदर. डोंगराचे नाव त्यावरूनच पडले, असे लोक मानतात.

१ फेब्रुवारी १८१४ रोजी ह्याच डोंगराने पायथ्याचे काग्सावा गाव राख आणि दगडगोटे ह्यांखाली गाडून टाकले. सुमारे १,२०० माणसे दगावली. पुष्कळांनी चर्चचा आसरा घेतला होता, असे सांगतात. त्या चर्चचा घंटेचा मनोरा तेवढा आजही जमिनीतून वर आलेला दिसतो.

एवढा संहार होऊनही वस्ती हलली नाही. ह्याचे कारण त्या राखेतच आहे. काळ लोटला की तिची कसदार माती होते, आणि त्या मातीत आबाका उत्तम येतो. आबाका ही केळीची सख्खी बहीणच म्हणावी. मात्र तिचे मोल फळात नसून सोपटांत आहे. खोड तोडावयाचे, सोपटे सोलून त्यांच्या पट्ट्या काढावयाच्या आणि एकेक पट्टी सुरीच्या पात्याखाली दाबून जोराने ओढावयाची. गर मागे राहतो आणि हाती पांढुरका वाख येतो. काम खांदे मोडणारे आहे. पण हा वाख खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही, आणि शिडाच्या जहाजांना नेमके तेच हवे होते. १८३४ मध्ये मनिला बंदर परदेशी व्यापारास अधिकृतपणे खुले झाले. इंग्रज व अमेरिकन पेढ्यांची खरेदी वाढत गेली. वाख पिकवला आल्बायने आणि शेजारच्या प्रांतांनी. जगात नाव मात्र झाले 'मनिला दोर'!

पुढे नायलॉनने दोराची मागणी खाल्ली. आबाका तरीही टिकून आहे. चहाच्या पुड्यांच्या आणि नोटांच्या कागदात त्याचा वाख जातो. १९४५ पर्यंत आल्बायचाच भाग असलेले कातांदुआनेस बेट आता त्याच्या लागवडीत अग्रेसर आहे.

खुद्द मायोनच्या उतारांवर भाजीपालाही होतो. शिखराभोवती ६ किलोमीटरचा पट्टा सरकारने कायमचा वर्ज्य ठरविला आहे. पण कसदार जमीन मोकळी पडलेली पाहणे शेतकऱ्यास अवघड जाते. २ फेब्रुवारी १९९३ च्या उद्रेकात सत्तराहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक घळीच्या आसपास शेतात राबणारी होती. २००६ च्या नोव्हेंबरअखेरच्या वादळात डोंगरावरची सैल राख चिखल होऊन खाली आली आणि तिने गावेच्या गावे पुरली. २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा लाव्हा वाहू लागला, तेव्हा हजारो लोकांना छावण्यांत हलविण्यात आले. अशा दिवसांतही काही शेतकरी पहारा चुकवून उतारावर जातात, आणि गुरांना चारापाणी करून अंधार पडण्याच्या आत छावणीत परततात.