अदृश्य तेजाची निवड

चाकण-पिंपरीच्या बाजूस एखाद्या कारखान्यांत भट्टींतून नुकताच काढलेला पोलादाचा ठोकळा लालबुंद दिसतो. निवत निवत तो सुमारें ५२५ अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरला कीं त्याची लाली मावळते. पण हात नुसता जवळ नेला तरी झळ लागतेच. डोळ्यांना न दिसणारें तें तेज त्वचेला कळतें. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें १८०० सालीं सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत तांबड्या रंगाच्याही पलीकडे उष्णतामापक ठेवला, तेव्हां पारा अधिकच चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच.

परंतु हें तेज एकजिनसी नाहीं. त्यांतील कोणता पट्टा निवडला असतां हवी ती वस्तु ओळखूं येईल, हा खरा प्रश्न आहे. हवेंतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड पुष्कळसे किरण गिळून टाकतात. ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रॉन या दोन मुख्य खिडक्या मात्र बऱ्याच अंशीं मोकळ्या राहतात. शिवाय वस्तु जितकी तप्त, तितकी तिच्या तेजाची लहर आखूड. जमिनीचें तेज १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतें, तर वणव्याचें ३ ते ४ च्या सुमारास.

दुसऱ्या महायुद्धांत या निवडीवर माणसांचे प्राण अवलंबून होते. हिरव्या रंगानें झांकलेली तोफ डोळ्यांना झाडीसारखीच भासे. पण जिवंत पान निकटचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतें. साधा हिरवा रंग तसें करीत नाहीं. खास फिल्मवर हें सोंग तेव्हांच उघडें पडे.

हीच युक्ति पुढें शांततेच्या कामीं आली. पुण्यास १९६२ सालीं निघालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक डॉ. पी. आर. पिशारोटी यांनीं १९७० सालीं केरळांतील नारळबागांची अशीं छायाचित्रें हेलिकॉप्टरमधून घेवविलीं आणि रोगट झाडें हुडकलीं. भारतांतील दूरसंवेदनाचा आरंभ याच प्रयोगापासून मानतात.

२६ जुलै २०१३ रोजीं अवकाशांत गेलेल्या इन्सॅट-३डी उपग्रहाच्या चित्रक यंत्रास सहाच पट्टे होते. त्यांपैकीं ३.९ मायक्रॉनजवळचा पट्टा लहानशा आगीनेंही झळकून उठतो. ११ मायक्रॉनजवळचा मात्र फारसा हालत नाहीं. दोहोंतील अंतर वाढलें कीं आगीचा संशय घ्यावा. तरीही चकाकणारें पाणी सूर्यप्रकाश परतवून ३.९ च्या पट्ट्यास फसवूं शकतें. म्हणून दिवसां दृश्य प्रकाशाच्या पट्ट्याचीही साक्ष काढावी लागते.

मग शेंकडों पट्टे कां घेऊं नयेत? कारण शेजारशेजारचे पट्टे बहुधा एकच गोष्ट पुन्हां सांगतात, आणि पट्टा अरुंद केला कीं त्यांत येणारें तेजही तुटपुंजें होतें. दहा साक्षीदारांनीं एकच जबानी दिल्यानें न्याय होत नाहीं. वेगळें पाहिलेले दोघे पुरतात. कशांतून काय वेगळें काढावयाचें, हें आधीं ठरवावें. पट्टे त्यानंतर निवडावे.