मृतांची मोजदाद

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसे’ असा शब्दप्रयोग यावा, यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला होता. त्याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. नेमक्या त्याच दिवसांत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे हैदराबाद संस्थानात गावोगाव हिंडत होते आणि किती माणसे मारली गेली, हे विचारीत होते. या दोन घटना आपण क्वचितच शेजारी ठेवून पाहतो.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नांदेड जिल्हा होता, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका. रझाकारांचा नेता कासीम रझवी याच लातुरात वकिली करीत असे. १९४६ मध्ये नांदेड जिल्ह्यात गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरट्यात शेकडो जीव गेले. गावे ओस पडली, माणसे सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. हे सारे खरे आहे, आणि दर १७ सप्टेंबरला आपण ते आठवतो, हे योग्यच आहे.

प्रश्न आहे तो १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांचा. पोलीस कारवाईनंतर उसळलेल्या सूडाच्या लाटेची पाहणी करण्यासाठी भारत सरकारनेच हे सद्भावना शिष्टमंडळ पाठवले होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात त्याने १६ पैकी ९ जिल्हे पाहिले आणि १०९ गावांतील पाचशेहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. सबंध संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्याचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच हा आकडा १८ हजारांहून कमी नसावा, असे त्याने नोंदवले. लातुरात हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चालले. शहरातील दहा हजारांच्या मुस्लीम वस्तीपैकी शिष्टमंडळाला जेमतेम तीन हजार माणसे आढळली. बाकीच्यांत मारले गेलेले होते, तसे पळून गेलेलेही. या आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वाद घालायलाही कागद समोर असावा लागतो, आणि हा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात राहिला. त्याचे काही भाग अभ्यासकांनी मिळवून छापले होते. पण दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचकांना खुला झाला २०१३ मध्ये.

‘ते रझाकार होते’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. पण प्रत्यक्षात काय घडले? खुद्द रझवीवर न्यायालयात रीतसर खटला चालला. शिक्षा भोगून तो १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. आरोपीचे हक्क त्याला मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. मिळाले नाहीत ते लातूरच्या दुकानदाराला, खेड्यातल्या मजुराला, त्यांच्या विधवांना. त्यांना कोणी आरोपपत्र दिले नाही. त्यांचे नावच पुरेसे ठरले.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लीम विणकरांचा बचाव केला आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. हे विणकर कोणत्या यादीत बसतात? मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांत ते नाहीत, दुसऱ्या बाजूच्या मृतांतही नाहीत. पॅरिसमधल्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी वाचला असणे शक्यच नव्हते. तरी त्याचा अर्थ त्यांना समजला होता, असे म्हणावे लागते.

स्वतःच्या बाजूला अवघड प्रश्न विचारणे हा नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी आपल्याला दिलेला वारसा आहे. तो जपायचा, तर साहित्य शिकवणाऱ्या आम्ही मंडळींनी मुक्तिसंग्रामाच्या आठवणींबरोबर हा अहवालही वर्गात वाचला पाहिजे. गोरट्याचे मृत आणि लातूरचे मृत एकाच वहीत लिहिल्याने संग्रामाचे मोल उणे होत नाही. मृत माणूस स्वतःसाठी काहीच मागू शकत नाही. आपली मोजदाद व्हावी, एवढा त्याचा हक्क तरी जिवंतांनी पाळायला हवा.