गॉथिक कलेकडून प्रबोधनाकडे : फ्लॉरेन्सची साक्ष

इतिहासाच्या शालेय पुस्तकांत युरोपचे मध्ययुग एका पानावर संपते आणि पुढच्या पानावर प्रबोधनाची पहाट होते. काल अंधार होता, आज उजेड झाला! विद्यार्थ्याला हे सोयीचे असते आणि परीक्षकालाही. पण ज्यांच्या हातून तो काळ घडला त्या गवंड्यांना, ओतकाम करणाऱ्या कारागिरांना आणि चितार्‍यांना हे वर्णन वाचून नवलच वाटले असते. गॉथिक कला संपली केव्हा आणि प्रबोधनाची कला सुरू झाली केव्हा, हा प्रश्न सबंध युरोपचा आहे. आम्ही तो येथे इटलीतील फ्लॉरेन्स या एका शहरापुरता आणि १४०१ ते १४३६ या पस्तीस वर्षांपुरता घेणार आहोत. क्षेत्र लहान घेतले म्हणजे माणसे स्पष्ट दिसतात.

प्रथम नावाचा विचार करू. ‘गॉथिक’ हे नाव त्या कलेच्या निर्मात्यांनी दिलेले नाही. ते मुळात एक दूषण आहे. इ. स. ४१० मध्ये रोम लुटणाऱ्या गॉथ टोळ्यांशी या कलेचा काडीचाही संबंध नव्हता. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात मठाधिपती स्यूझे याने नव्या पद्धतीने बांधलेल्या भागाचे पवित्रीकरण ११४४ साली झाले, तेव्हा गॉथ लोक इतिहासजमा होऊन कित्येक शतके लोटली होती. परंतु सोळाव्या शतकात इटलीतील चित्रकार व चरित्रकार जॉर्जो व्हाझारी याने १५५० साली कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत टोकदार कमानींच्या बांधणीचे खापर गॉथांच्या माथी फोडले. रोमन कला थोर, तिच्यानंतरचे सारे रानटी आणि आमच्या काळात कलेचा पुनर्जन्म झाला, अशी त्याची मांडणी होती. जेत्याने लिहिलेल्या बखरीत पराभूताची बाजू जितकी येते, तितकीच गॉथिकाची बाजू तीत आली.

ती बाजू कोणती? गॉथिक मंदिर हे बुद्धीचे बांधकाम होते. टोकदार कमान, छताला आधार देणाऱ्या दगडी फासळ्या आणि बाहेरून तिरप्या कमानींनी दिलेले टेकू या तीन युक्त्यांनी छताचा भार भिंतींवरून उतरला. भिंत मोकळी झाली. तिच्या जागी रंगीत काचेच्या प्रचंड खिडक्या आल्या. ज्याला आपण अंधारयुग म्हणतो, त्या युगातील शिल्पी अखंड धडपडले ते देवळात उजेड आणण्यासाठी! फ्रान्समधील शार्त्र येथे ११९४ च्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या मंदिरात ही काच आजही पाहावयास मिळते. बोव्हे येथे तर छत सुमारे ४८ मीटर उंच नेण्यात आले आणि १२८४ साली ते कोसळले. पडले तेही धाडसामुळे पडले, अज्ञानामुळे नव्हे. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकासमोर ज्याने मान वर केली आहे, त्याने या शैलीचा एकोणिसाव्या शतकातील वारस पाहिलेला आहे, एवढे सांगून पुढे जाऊ.

इटलीत ही शैली आली, पण पुरती रुजली नाही. तेथे पावलोपावली प्राचीन रोमचे अवशेष उभे होते आणि भिंतींवर चित्रे काढण्याची परंपरा होती. पादुआ येथील स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरात १३०५ च्या सुमारास जॉत्तोने काढलेल्या चित्रांत माणसांना वजन आहे, शोकाला चेहरा आहे. मृत ख्रिस्तावर वाकलेली माता पाहताना ती देवता असल्याचे आपण क्षणभर विसरतो. पण जॉत्तोनंतर ही वाट सरळ पुढे गेली नाही. १३४८ च्या प्लेगने फ्लॉरेन्सची निम्म्याच्या आसपास वस्ती नाहीशी केली. त्यानंतर सत्तर वर्षे गेली तरी जॉत्तोचा खरा वारस दिसेना. प्रगती ही जिन्यासारखी पायरीपायरीने वरच जाते, या समजुतीला हा पहिला धक्का आहे.

आता १४०१ साल. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी ब्राँझचे नवे दरवाजे करून घ्यावयाचे ठरले. खर्च कापडव्यापाऱ्यांच्या कालिमाला या श्रेणीचा होता. राजाने किंवा धर्मगुरूने माणूस नेमला नाही, तर व्यापाऱ्यांनी स्पर्धा लावली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. विषय सर्वांना एकच होता : अब्राहामाने पुत्र इसहाकाचे मांडलेले बलिदान. सात स्पर्धकांपैकी दोघांचे नमुने आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी आहेत. एक लोरेन्त्सो गीबेर्तीचा, दुसरा फिलिप्पो ब्रूनेल्लेस्कीचा. दोघेही विशी ओलांडलेले तरुण आणि दोघेही सोनारकामात मुरलेले.

हे दोन नमुने म्हणजे आमच्या विषयाचा गाभा आहे. दोघांची चौकट तीच, चार पाकळ्यांची, म्हणजे अस्सल गॉथिक. ब्रूनेल्लेस्कीच्या नमुन्यात बापाने मुलाची मान पकडली आहे, सुरी गळ्याला भिडली आहे आणि देवदूत बापाचे मनगट खेचून धरतो आहे. सारे झटापटीने भरलेले. खाली एक सेवक पायातला काटा काढीत बसला आहे. तो एका प्राचीन शिल्पावरून उचललेला आहे. गीबेर्तीचा नमुना शांत आहे. वस्त्रांच्या चुण्या लयबद्ध वळतात, ही गॉथिकाची देणगी. पण त्याच्या इसहाकाचे उघडे शरीर पाहावे : ते एखाद्या ग्रीक-रोमन पुतळ्यासारखे निरोगी व डौलदार आहे. म्हणजे ज्याची चाल जुनी, त्याचे शरीर नवे. आणि ज्याचा आवेश नवा, त्याची जुळणी तुकड्यातुकड्यांची. दोघांपैकी ‘गॉथिक’ कोण आणि ‘प्रबोधनाचा’ कोण, हे कोणी छातीठोकपणे सांगावे!

काम गीबेर्तीला मिळाले. निकाल एकमताने आपल्या बाजूने लागला असे गीबेर्ती स्वतः लिहितो. काम दोघांत वाटून देऊ केले होते, पण ब्रूनेल्लेस्कीने ते नाकारले असे ब्रूनेल्लेस्कीचा चरित्रकार म्हणतो. ज्याचा त्याचा वकील! मात्र व्यापाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नसावी. गीबेर्तीचा नमुना जवळजवळ एकसंध ओतलेला व वजनाने हलका होता; त्याला ब्राँझ कमी लागले होते. कलेच्या इतिहासात हिशेबाची वहीही वाचावी लागते.

हरलेला ब्रूनेल्लेस्की वास्तुकलेकडे वळला, आणि शहराचा एक जुना घोर त्याची वाट पाहत होता. सांता मारिया देल फ्योरे या महामंदिराचा पाया १२९६ साली घातला गेला. १३६७ साली नागरिकांनी एक आराखडा कायम केला : आठ बाजूंचा, आतून सुमारे ४५ मीटर रुंदीचा घुमट, आणि त्याला बाहेरून टेकू नाहीत. उत्तरेकडील ते टेकू या शहराला नको होते. आराखडा ठरला, पण तो घुमट बांधावा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते! पन्नास वर्षे देऊळ डोक्यावर छप्पर नसताना उभे राहिले. जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर एवढ्या रुंदीला पुरेल असा लाकडी साचा उभारावयाचा, तर तेवढे आणि तसे लाकूड आणावयाचे कोठून?

१४१८ साली पुन्हा स्पर्धा लागली. ब्रूनेल्लेस्कीने साच्याशिवाय घुमट बांधण्याचे सांगितले आणि १४२० साली काम सुरू झाले. देखरेखीसाठी त्याच्या जोडीला कोण नेमावे? गीबेर्ती! ब्रूनेल्लेस्कीला ते किती रुचले असेल याची कल्पना करावी. त्याने एकात एक अशी दोन कवचे उभारली. विटा ठरावीक अंतराने उभ्या लावून माशाच्या काट्यासारखी वीण घातली, त्यामुळे ओला थर घसरेना. पोटात दगडी साखळ्या घालून घुमट पिंपाला कड्या घालाव्यात तसा आवळला. आणि ओझी वर नेण्यासाठी बैलांनी ओढावयाचे यंत्र रचले. १४३६ साली पोप चौथा यूजीन याच्या हस्ते मंदिराचे पवित्रीकरण झाले.

हा घुमट प्रबोधनाचे पहिले निशाण म्हणून चित्रांतून मिरवतो. पण जरा निरखून पाहावे. त्याची आकृती रोमच्या पँथिऑनसारखी अर्धगोल नाही. ती टोकदार आहे. त्याच्या अंगावर आठ पांढऱ्या फासळ्या आहेत. आराखडा चौदाव्या शतकाचा, कमान गॉथिक. पण सोडवणूक करणारी बुद्धी नवी. आजोबांनी घातलेले कोडे नातवाने सोडवले, असेच म्हणावयास हवे.

चित्रकलेत हीच कथा दिसते. १४२३ साली जेंतीले दा फाब्रिआनो याने पाल्ला स्त्रोत्सी या धनाढ्य सावकारासाठी ‘पूर्वेकडील ज्ञानी राजांचे वंदन’ हे चित्र पुरे केले. सोन्याचा वर्ख, जरतारी वस्त्रे, घोडे, माकडे. दरबारी गॉथिक कलेचा जणू लग्नसोहळा! त्यानंतर चारपाच वर्षांतच मासात्चो या तरुणाने सांता मारिया नोव्हेल्ला या देवळाच्या भिंतीवर ‘त्रैक्य’ काढले. तेथे थाटमाट नाही. भिंत फोडून आत एखादे रोमन दालन खोदावे तशी खोली दिसते. साऱ्या रेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर एकत्र येतात. त्यासाठी ओल्या लेपावर ओढलेल्या रेषा आजही दिसतात. चित्राचा खर्च करणारे नवराबायको दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसले आहेत आणि ते देवाच्याच मापाचे आहेत. पूर्वी दाता चित्राच्या कोपऱ्यात बाहुलीएवढा असे. एका सामान्य गृहस्थाचे माप बदलले, ही आमच्या मते त्या भिंतीवरील सर्वांत मोठी क्रांती होय.

पण येथेही घाई नको. याच मासात्चोने १४२६ साली पीसा येथील वेदीसाठी माता आणि बालक रंगविले, तेव्हा पार्श्वभूमी सोन्याचीच ठेवली. आणि जेंतीलेच्या त्या झगमगीत चित्राच्या तळपट्टीत रात्रीचा देखावा आहे. त्यात नवजात बालकापासून फाकणारा प्रकाश आणि त्यामुळे पडलेल्या सावल्या इतक्या बारकाईने टिपल्या आहेत की, जुन्याच्या पोटात नवे वाढत होते हे मान्य करावेच लागते. मासात्चो १४२८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास वारला. १४३५ मध्ये लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने यथादर्शनाचे नियम चित्रकलेवरील ग्रंथात मांडले आणि कारागिराच्या हातातील युक्ती पंडिताच्या हाती शास्त्र म्हणून आली.

आल्प्सच्या उत्तरेस मात्र कालगणना निराळी होती. तेथे यान व्हान आयक तैलरंगांनी दागिन्यावरची चमकसुद्धा खरी करीत होता, तेही रोमन अवशेषांचा आधार न घेता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिराचे गॉथिक छत १५१५ साली पुरे झाले. तेव्हा मायकेलअँजेलोने रोममधील सिस्टाइन छत रंगवून तीन वर्षे झाली होती. दोन्ही युगे एकाच दिवशी जिवंत होती.

शेवटी व्हाझारीकडे वळू. मासात्चोची मनापासून स्तुती करणारा हा गृहस्थ १५७० च्या सुमारास सांता मारिया नोव्हेल्लाचे नूतनीकरण करीत होता. त्याने ‘त्रैक्या’पुढे नवी वेदी उभी केली आणि ते चित्र झाकून टाकले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८६० च्या आसपास, ते पुन्हा उजेडात आले. ‘गॉथिक’ला रानटी म्हणणाऱ्याच्याच हातून प्रबोधनाचा अमोल ठेवा झाकला गेला! नव्याचा अभिमान डोळ्यांवर आला म्हणजे जुनेच नव्हे, नवेही दिसेनासे होते.

आपण महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाला प्रबोधनाचे शतक म्हणतो. शब्द आपण उसना घेतला. त्याबरोबर त्याच्या आधीचे सारे अंधार होते ही समजूतही नकळत घेतली नाही ना, हे तपासून पाहावयास हवे. फ्लॉरेन्सच्या घुमटाकडे पाहताना आम्हांस एवढे कळते की, वर चढलेल्याने खालच्या भिंतीला नावे ठेवू नयेत. तो उभा आहे तो तिच्याच खांद्यावर.